वरच्या मजल्यावरचा न दिसणारा मालक

तिसरामजला
आमची सोसायटी कर्वेनगरात. १९९३ ची, बिनलिफ्टची, चार मजले, सोळा फ्लॅट. आम्ही राहायला आलो तेव्हा सोळाही घरांत मालक राहत होते. कोजागरीला पातेलं कुणाचं आणि शेगडी कुणाची यावरून रुसवेफुगवे व्हायचे. आज मालक राहतात पाच घरांत, दोन घरं कुलूपबंद, उरलेली नऊ भाड्याने.

माझ्या बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये छताला आधी बशीएवढा डाग आला. आता तो ताटाएवढा आहे, मधोमध पोपडा सुटलाय आणि सकाळी साडेसात ते नऊ या वेळात दर अकरा सेकंदांनी एक थेंब पडतो. मी मोजलंय. खाली रंगाची रिकामी बादली ठेवली आहे. घरी येणारा पाहुणा आता तिला वळसा घालूनच आत येतो, सवयीने.

वरच्या फ्लॅटचा मालक टेक्सासमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर टिका निळ्या होतात, उत्तर येत नाही. मग एजंटला फोन. तो म्हणतो, "काकू, मालकांना विचारून सांगतो." हे वाक्य मी १४ महिने ऐकते आहे.

आणि हे माझ्या छतापुरतं असतं तर धागा काढला नसता. आमच्या गल्लीत अशा सहा-सात इमारती आहेत. जिन्यात दिवा गेला तर महिनाभर अंधार. कचरा वेगळा करायचा हे कुणी कुणाला सांगायचं? समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर फुटकी टाकी होती, तिच्यात पाणी साचून मागच्या ऑगस्टमध्ये गल्लीत चार जणांना डेंगी झाला. टाकी कुणाची, तेच ठरेना. सगळे त्या नऊ घरांतल्या भाडेकरू पोरांना शिव्या देतात. मला राग मालकाचा येतो. तुमच्याकडे काय परिस्थिती? आणि छताचं काय करू?

निवांतराव
बादली भरली की झाडांना घाला. पुण्यात पाणी वाया घालवू नये.

चहाबिस्किट
आमच्या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते, म्हणून लिहिते.

घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. सोसायटीला मिळतो तो बिनभोगवटा आकार, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा जादा आकार, आणि त्यालाही १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा आहे: सेवा शुल्काच्या १० टक्के. महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. म्हणजे सेवा शुल्क १,४०० असेल तर महिन्याला १४० रुपये. मालक पंचवीस-तीस हजार भाडं घेणार आणि घरात चारच्या जागी आठ माणसं राहिली तरी सोसायटीला १४०. पंपाचं बिल, टाकीची सफाई, ड्रेनेज तुंबणं, सगळं त्यातच.

गळतीचं सांगायचं तर फ्लॅटच्या आतून होणारी गळती सभासदाने दुरुस्त करायची. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप सोसायटीकडे. तोंडी बोलू नका. कमिटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कमिटीने मालकाला रजिस्टर पत्र पाठवावं. त्या पत्रात आणखी एक ओळ घालता येते. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते. भाड्याने दिलेल्या घराला नाही. तुमच्या वरच्याने ती सोडली असेल का? नुसतं विचारायचं.

निवांतराव
चहाबिस्किट, तुम्ही सेक्रेटरी होतात की गुप्तहेर?

चहाबिस्किट
वेगळं असतं का?

कॉटबेसिस
दुसरी बाजू. मी पुण्यात सात वर्षांत चार घरं बदलली आहेत. सध्या टू बीएचकेत आठ जण, माणशी पाच हजार. गुणाकार करा. करार दोघांच्या नावाने, बाकीचे सहा कागदावर नाहीतच. पोलिसांकडचा फॉर्मही दोघांचाच. मालकांना हे माहीत नाही असं नाही, पैसे आठ जणांचे मोजून घेतात.

गिझर बंद पडला तेव्हा मालक म्हणाले, आम्ही शिकत होतो तेव्हा थंड पाण्यानेच अंघोळ करायचो. सिंकखालचा पाइप आम्ही सुतळी आणि सायकलच्या ट्यूबने बांधलाय. किचनच्या खिडकीला काच नाही, कॅलेंडर आहे, २०२१ चं. सोडताना 'रंगाचे पैसे' म्हणून डिपॉझिटमधून कापून घेतात, आणि रंग काही लागत नाही. मागच्या घरी आम्ही सोडल्यावर आठवड्याने राहिलेलं कुकर आणायला गेलो, नवीन पोरं आलेली, भिंतीवर आमच्याच हाताने लिहिलेला दूधवाल्याचा हिशोब तसाच.

तुटलेलं सांगत का नाही, असं सगळे विचारतात. सांगितलं की दुरुस्ती होते आणि अकरा महिन्यांनी भाडं वाढतं. म्हणून नाही सांगत.

आणि काकू, एक विचारू? वरच्या पोरांना गळतंय हे माहीत तरी आहे का? गळती वरून दिसत नाही. आम्ही वर कोरडेच असतो.

तिसरामजला
कॉटबेसिस, टेक्सासला ३१ मेसेज केले. वर चौदा पायऱ्या चढून विचारलं नाही. वाचून लाज वाटली. उद्या जाते.

गिरणीचाभोंगा
पुणेकरांनो, तुमचे मालक निदान भाडं तरी घेतात. आमचा घ्यायलाही येत नाही.

मुंबईत लालबागची चाळ, १९३० च्या आसपासची, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे द्यायचे आणि मग नाममात्र भाड्याने राहायचं. भाडं महिना ४२ रुपये. मनीऑर्डर पाठवली तर परत येते, कारण भाडं घेतलं तर भाडेकरू मान्य केल्यासारखं होतं म्हणे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाचा जीव घरातून उडाला, आणि इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे जादा कर, बसवून दुरुस्ती मंडळ आलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. आमची त्यातलीच एक. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरण, अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, तेव्हा आम्ही दहावीचा निकाल बघावा तसा आपला नंबर शोधतो. अजून आलेला नाही. आला नाही याचं वाईट वाटावं की बरं, ते घरात प्रत्येकाचं वेगळं.

पाठीमागच्या सज्जाला लोखंडी टेकू लावलेत, त्याला दहा वर्षं झाली. टेकू फुटपाथवर आले म्हणून चालणारे रस्त्यावर उतरले. चालणारे उतरले म्हणून खालच्या भांडीवाल्याचं गिऱ्हाईक गेलं. त्याने शटर लावलं. बंद शटरपुढे लोक राडारोडा टाकायला लागले, मग उंदीर आले, आणि शेजारच्या चांगल्या, रंगवलेल्या चाळीतल्या खोल्यांनाही आता कोणी विचारत नाही. मालकाने एक सज्जा दुरुस्त केला नाही, त्याचा हा एवढा लांब धागा.

आता कायद्यातली गंमत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. मालक दुरुस्ती करत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस द्या, स्वतः दुरुस्ती करा आणि खर्च भाड्यातून वळता करा. मर्यादा: वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. ४२ गुणिले १२ म्हणजे ५०४. त्याचा पाव भाग १२६ रुपये.

निवांतराव
१२६ रुपयांत सज्जा. सिमेंट तुमचं की मालकाचं?

अकरावारस
हसून घ्या. मी 'तो' मालक आहे.

शनिवार पेठेत वाडा. आजोबांच्या नावावर, आता अकरा वारस. त्यातले तीन एकमेकांशी बोलत नाहीत आणि एक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. सहा भाडेकरू, प्रत्येकी १८ रुपये. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. १८ चे ४ टक्के, ७२ पैसे. वाढ मागायला जायची रिक्षा त्याहून महाग.

दर मे महिन्यात महापालिकेची कलम २६४ ची, धोकादायक बांधकामाची नोटीस दरवाज्यावर चिकटते. मागच्या वर्षीची निघालेली नसते, तिच्यावरच लावतात. पडवीची तुळई वाळवीने आतून पोकळ झालीय, बोटाने वाजवली की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. कौलं फिरवायला माणूस बोलावला, त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, साहेब, मी चढणार नाही. मी एकट्याने खर्च करायचा तर बाकीचे दहा म्हणतात, आम्हाला विचारलं होतंस का? विकायचं तर अकरा सह्या.

मालक बेफिकीर असतो हे मान्य. पण कधी कधी मालक म्हणजे अकरा जणांची फक्त एक यादी असते. आळीतल्या लोकांना मात्र मीच दिसतो, कारण मीच तिथून रोज जातो. परवा एक आजोबा म्हणाले, "तुमचा वाडा आमच्या नातवाच्या डोक्यात पडेल एक दिवस." मी काय बोलणार? त्या बाजूने आता मीही चालत नाही.

शिस्तप्रिय
एवढं चऱ्हाट कशाला? जनरल बॉडीत ठराव करा, बॅचलरना घर द्यायचं नाही. आमच्याकडे केलाय. फक्त कुटुंब, तेही आपल्यातलं. तीन वर्षं शांतता आहे.

मोरपंखी
'आपल्यातलं' म्हणजे नक्की कुणातलं, लिहून टाका ना. मी आणि नवरा बाणेरला घर बघत होतो. एजंट आधी आडनाव विचारायचा, मग "मालक नातेवाइकांनाच देणार आहेत." एकाच आठवड्यात पाच मालकांना नातेवाईक सापडले. आणि ज्या घराला शेवटी 'चालेल' म्हणाले त्याच्या बेडरूमच्या भिंतीला खालून गुडघ्यापर्यंत ओल होती. चांगली घरं चाळणीने निवडलेल्यांना, गळकी घरं आम्हाला, आणि मग गळतंय म्हणून आम्हीच वाईट वस्ती. तुमची शांतता अशी येते.

शिस्तप्रिय
मी जातीचं काही म्हटलेलं नाही. तुम्हीच ओढून आणताय.

व्यवस्थापन
इथले चार प्रतिसाद काढले आहेत. छतावर बोला.

बार्शीरोड
लातूरहून. आमच्या गल्लीत क्लासेसमुळे घराघरांत पोरं. बंगल्याचे हॉल प्लायवुडने कापून खोल्या केल्यात. एकात चौदा पोरं, संडास एक. मालक राहतो गावाकडं, महिन्याच्या पाच तारखेला मोटरसायकलवर येतो, पैसे मोजतो, जातो. सेप्टिक टँक भरून नालीतून वाहतो तेव्हा त्याचा फोन लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्याकडं. तेव्हा त्या चौदा पोरांना घागरीचा हिशोब आमच्या आईनं शिकवला. मालकाने नव्हे.

पण नुसतं वाईटच सांगणार नाही. ह्या पोरांवर आमच्या गल्लीचं पोट आहे. मेस चालवणाऱ्या बाया, झेरॉक्स, सायकल पंक्चर, रात्री अकरापर्यंत पोहे. पोरं गेली तर गल्ली ओस पडेल.

मी एक पाहिलंय. ज्या घराची मालकीण खालीच राहते ते घर चकचकीत. तिथं पण वीस पोरं आहेत की. ती माऊली रोज सकाळी जिन्यात उभं राहून ओरडते, नळ बंद करा रे! बास, तेवढंच.

धुक्यातला
लेस्टरहून. इथेही हेच, फक्त थंड. ओळीने लाल विटांची घरं, मधलंच एक भाड्याचं, ते लांबून ओळखू येतं: पुढच्या अंगणात ओली गादी, सोफ्याचा सांगाडा, वाहणारे कचऱ्याचे डबे. शेजारी आधी कुंपण दुरुस्त करायचं सोडतो, मग घर विकतो, आणि घेणारा बहुतेक पुन्हा भाड्याने देणाराच.

फरक एवढाच की इंग्लंडमध्ये एका घरात पाच किंवा जास्त माणसं, वेगवेगळ्या कुटुंबांतली, स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून राहत असतील तर मालकाला कौन्सिलचा परवाना लागतो. २००६ पासून आहे. आधी तीन मजल्यांची अट होती, ती ऑक्टोबर २०१८ मध्ये काढली. एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर. पळवाटा आहेतच, चार सांगायचे आणि सात ठेवायचे. पण गादी दिसली की तक्रार कुणाच्या नावाने करायची ते माहीत असतं. परवाना म्हणजे मुळात मालकाचं नाव आणि पत्ता. तुमच्या फुटक्या टाकीचं घोडं तिथेच तर अडलं.

आता कबुली. माझा नाशिकला फ्लॅट आहे, भाड्याने. तीन वर्षांत पाहिलेला नाही. हा धागा वाचून काल एजंटला फोन केला. त्याने उचलला नाही.

निवांतराव
धुक्यातला, तुमच्या खाली राहणाऱ्या काकूंनी बादली कुठे ठेवलीय ते विचारून घ्या.

पाटकरी
एक कारण कुणी लिहिलं नाही: पुनर्विकास. आमच्याकडे जिन्याचं प्लास्टर पडलं, तर बाहेर राहणारे मालक म्हणाले, आता पाडायचीच आहे बिल्डिंग, कशाला खर्च? हे मी २०१५ पासून ऐकतोय. २०१९ पासून पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते म्हणून सगळे खूश झाले. पण ५१ टक्क्यांनीही सभेला यायला पाहिजे ना. आम्ही वीस जणांत सभेला सहा. गणपूर्ती नाही, म्हणून अर्धा तास तहकूब. तेवढ्यात वडापाव. मग तेच सहा जण पुन्हा बसतात. नवीन बिल्डिंगचं चित्र लिफ्टशेजारी चिकटवलंय, त्याच्या कोपऱ्यावरून ओल उतरलीय.

भाड्याने राहणाऱ्यांना सभेत मत नाही, गल्लीत मतदार यादीत बहुतेकांचं नाव नाही. मग रस्त्याच्या दिव्यासाठी भांडणार कोण? पाच म्हातारी माणसं.

गवंडीदादा
मूळ प्रश्न राहिलाच. ताई, थेंब फक्त साडेसात ते नऊ म्हणता, म्हणजे दाबाची लाइन नाही. ती असती तर दिवसभर गळाली असती. अंघोळीच्या वेळी गळतं म्हणजे फरशी नाहीतर नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्याचा जोड.

फोडाफोडी करायच्या आधी हे करा. वरच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्च बसवा. दोन इंच पाणी भरा, त्यात कपड्याची नीळ टाका, एक दिवस ठेवा. खाली निळं आलं तर फरशीतून येतंय, कोबा काढून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, मोठं काम. नाही आलं तर फडकं काढून तेच निळं पाणी सोडून द्या. आता निळं आलं तर ट्रॅपचा जोड, दीड दिवसाचं काम. दोन्ही वेळा नाही आलं तर बाहेरच्या डक्टमधला सामाईक पाइप बघा, तो सोसायटीचा. व्हिडिओ काढून ठेवा, तारखेचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून.

तिसरामजला
तीन आठवड्यांनी लिहिते.

वर गेले. सहा पोरं राहतात. दार उघडणारा जालन्याचा, स्पर्धा परीक्षा देतो. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "काकू, आवाज होतो का आमचा?" गळतीचं सांगितलं तर खाली येऊन बादलीकडे बघत उभा राहिला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्टीलच्या पेल्यात चहा दिला, आलं जास्त होतं.

नीळ माझी, बादली माझी, फडकं त्यांचं. एक दिवस पाणी तुंबवलं, सहा जण शेजारच्या अभ्यासिकेत जाऊन अंघोळ करून आले. खाली काही नाही. फडकं काढलं, आणि वीस मिनिटांत माझ्या पोपड्याच्या कडेला फिकट निळा थेंब लोंबायला लागला. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, काय वेडेपणा!

व्हिडिओ आणि कमिटीचं पत्र टेक्सासला गेलं. पत्रात चहाबिस्किटची घरपट्टीची ओळ होती. १४ महिने जो माणूस नव्हता त्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर. ट्रॅपचा जोड बदलला, बिल ११,५०० रुपये. थेंब थांबलाय. डाग राहिलाय, कडेला निळी छटा आहे.

मी इथे पेढे वाटणार होते. पण पुढचं ऐका. त्याने ते ११,५०० पोरांच्या डिपॉझिटमधून कापले, 'वापरातली मोडतोड' म्हणून. आणि करार संपत आला होता तो वाढवला नाही. तीस वर्षांपूर्वीचा जोड होता तो, ही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती! जालन्याचा जाताना बादली परत द्यायला आला, घासून. मला तोंड वर करून बघवेना. ह्यावर काही करता येईल का?

कॉटबेसिस
वाटलंच होतं. काकू, करार नोंदणी केलेला आहे का ते आधी विचारा. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे. नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी धरतात. तुमचा व्हिडिओ आणि प्लंबरचं बिल त्यांना द्या. जोड जुना होता हे प्लंबरकडून दोन ओळी लिहून घ्या.

तिसरामजला
सगळं दिलं. करार नोंदवलेला नव्हता. पण त्याने अजून मालकाला काही पाठवलेलं नाही. म्हणाला, "राहू द्या काकू, नवीन घराचा मालक जुन्या मालकाला फोन करून विचारतो."

काल वर नवीन पोरं आली. जिन्यातून गाद्या चढताना मोजल्या. नऊ.

चहाबिस्किट
ह्या वेळी पहिल्याच दिवशी वर जाऊन या. आणि घरपट्टीचं मी नुसतं विचारा म्हटलं होतं, आता अर्जच द्या. नमुना पाठवते.

धुक्यातला
नाशिकच्या एजंटने आज फोन उचलला. खालच्या घरात काही गळतंय का, बघून ये म्हटलं. म्हणाला, "सर, मालकांना विचारून सांगतो."

मालक मीच आहे रे.